घरमालकांचा माफीचा महिना

माफी मागायला येणारा माणूस लांबून दिसला की लोक दाराला आतून कडी घालतात, असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे आणि परंड्याच्या शाळेत शिकवणारा मी त्याच्याच घरात भाड्याने राहतो. आमचे घरमालक एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हे फक्त महामंडळाला ठाऊक आहे, त्यांना नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेतही ते "चला, पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणतात, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना त्यांच्या मते पुरेशी लांबली की समोरच्या बाकावर बोटांनी दोनदा टकटक करतात. पाळकसाहेबही इतके सरावलेत, की टकटक ऐकू आली की दोन वाक्यांत आमेनला पोचतात.

वर्षाचे अकरा महिने घरमालक भांडतात आणि बाराव्यात माफी मागतात. नाताळाआधीच्या चार रविवारांना त्यांच्यात आगमनकाळ म्हणतात. प्रभू यायचा आहे, तर त्याआधी मन झाडून-पुसून ठेवायचं, असा त्याचा साधा अर्थ घरमालकीण काकूंनी मला सांगितला. दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावायच्या, आशेची, शांतीची, आनंदाची आणि प्रीतीची. शांतीची मेणबत्ती दुसऱ्या रविवारी लागते आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणालाही शांती मिळत नाही. "शांती विझली! खिडकी कुणी उघडली?" ही आरोळी मी दरवर्षी ऐकतो. एकदा ती ऐकून समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद करून काय झालं म्हणून विचारलं होतं. ज्या घरातून रोज भांडण ऐकू येतं तिथून शांतीच्या नावाने ओरडा आला, म्हणजे काहीतरी गंभीर असणार, असं त्याला वाटलं.

पहिल्या रविवारी घरमालक वहीत नावांची यादी करतात. तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाने किती जणांना दुखावलं असेल, याची कल्पना करा. त्यात येरमाळ्याच्या एक आजी होत्या. कधीतरी त्यांच्या दोन कोंबड्या घरमालकांनी गाडीच्या टपावर ठेवायला लावल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ते खास त्यासाठी येरमाळ्याला गेले आणि मलाही सोबत नेलं. आजी त्यांना ओळखतही नव्हत्या. घरमालकांनी हात जोडून माफी मागितली, आजींना गहिवरून आलं, चहा झाला. उंबरा ओलांडताना घरमालक वळून म्हणाले, "पर मावशे, तुज्या कोंबडीनं त्या फौजदाराच्या सदऱ्यावर घाण केली व्हती, ते तर खरं हाय का न्हाय?" पुढचा पाऊण तास आजींनी जे ऐकवलं, ते मला इथे लिहिता येणार नाही. परतीच्या गाडीत घरमालकांनी वही उघडून आजींचं नाव खोडलं, थोडा विचार केला आणि पुढच्या वर्षासाठी ते शेवटच्या पानावर पुन्हा लिहिलं.

त्यांच्या माफीत खोट नसते, पण ती मागून झाल्यावर त्यांना गप्प बसवत नाही, एवढंच. प्रवासी नाराज झाला तरी चालेल, नियम त्याला कळला पाहिजे, ही सवय हाडात भिनली आहे.

यादीत पहिलं नाव मात्र दरवर्षी एकच, टेलरचं. टेलरचं दुकान आमच्या दारासमोर, मध्ये फक्त रस्ता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून हा शिवभक्त माणूस दर डिसेंबरात गावातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांचे नाताळचे कपडे शिवायचा. दोघं लहानपणापासूनचे मित्र. अकरा वर्षांपूर्वी घरमालकांना नाताळच्या उपासनेत पवित्र शास्त्र वाचायचा मान मिळाला, म्हणून टेलरने त्यांना नवी पँट शिवून दिली. ती घालून ते वाचायला उभे राहिले आणि पुढच्या बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पँट घोट्यांच्या बरीच वर होती. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी भरल्या दुकानात ती टेबलावर टाकली. "आखूड शिवलीस!" टेलर म्हणाला, "पँट बरोबर हाय. तुजं प्वाट वाढलंय." त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे चौथा रविवार सोडून. त्या दिवशी उपासना संपली की घरमालक रस्ता ओलांडून माफी मागायला जात आणि दहाव्या मिनिटाला लालबुंद होऊन परत येत. माफी मागून झाली की "पर दोन बोटं आखूडच व्हती" हे तोंडातून निसटे आणि टेलर मापांचं जुनं रजिस्टर काढी. एका वर्षी पुरावा म्हणून घरमालक तीच पँट घालून गेले. एका वर्षी साक्षीदार म्हणून पाळकसाहेबांना नेलं, तर पाळकसाहेब सफारीचं माप देऊन आले.

गेल्या डिसेंबरात कळलं, की टेलरच्या डोळ्यांनी दगा दिला आहे आणि मुलगा त्याला लातूरला घेऊन जाणार आहे. चौथ्या रविवारनंतर सहा दिवसांनी दुकान रिकामं होणार होतं. घरमालकांनी त्या वर्षी यादीच केली नाही. वहीत एकच नाव लिहिलं. "औंदा न्हाय जमलं तर जमलंच न्हाय, सर," ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच हळू वाटला.

आणि नेमकी शनिवारी त्यांची दाढ काढावी लागली. रविवारी चर्चमध्ये त्यांनी गाणी अशी काही ताणली, की रक्त पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा कोंबला आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं बजावलं. काकू म्हणाल्या, "सर, तुमी जावा यांच्यासंगं. बोलायचं तेवढं तुमीच बोला."

टेलर रजिस्टर मांडीवर उघडून तयारच बसला होता. "ये कंडक्टर. बोल." घरमालकांनी हात जोडले. टेलर वाट बघत राहिला. "आन् फुडं?" घरमालकांनी मान हलवली. "फुडं काय न्हाय?" मी दाढेचं सांगायला तोंड उघडलं, तर घरमालकांनी माझं मनगट असं आवळलं, की मी गप्प झालो. मग टेलरने रजिस्टर मिटलं. "आखूडच झाली व्हती गड्या. घाईत कातरली म्या."

अकरा वर्षं ज्या वाक्यासाठी हा माणूस झुरला, ते वाक्य कानावर पडलं आणि तोंडात बोळा! डोळे मोठे झाले, गाल फुगले, मानेच्या शिरा ताठल्या. आता बोळा थुंकून हे "म्हणत नव्हतो का!" ओरडणार, म्हणून मी दाराकडे सरकलो. घरमालक गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर टेलरच्या शेजारी बसले. टेलरने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दोघंही रस्त्याकडे बघत राहिले.

पुढचे सहा दिवस त्या बाकड्यावर चहा, करंज्या आणि भांडणं यांची रेलचेल होती. रस्त्यावरून भांडले, सुनांवरून भांडले, चहातल्या साखरेवरून भांडले. पँटचा विषय कुणी काढला नाही. सहाव्या दिवशी टेम्पो आला आणि टेलर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरमालक माझ्याकडे येऊन बसले. "सर, पँट बरोबर व्हती."

"म्हणजे?"

"त्या दिशी पट्टा म्याच बेंबीच्या वर बांधला व्हता. तुमच्या काकूनं तवाच सांगितलं व्हतं. मला समदं ठावं व्हतं." मग म्हणाले, "त्यो माज्यासाठी खोटं बोलला, आन् म्या ते ठिवून घेतलं."

लातूरला रोज गाडी आहे, एवढंच मी म्हणालो.

"जाईन की. पर माजं तोंड तुमी बघताव न्हवं? एक बोलाया जातो, दुसरंच निघतंय. ते आदी सुदरवाया पायजे."

हल्ली दुपारी मी पेपर तपासत बसलो की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो. "टेलर, पँट बरोबर व्हती. माजं चुकलं." मग "पर" येतं, स्वतःवरच चिडणं येतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. इतकी वर्षं मी या माणसाला हसलो. काल आवाज आला तेव्हा पेन खाली ठेवलं आणि श्वास रोखून बसलो. "टेलर, पँट बरोबर व्हती. माजं चुकलं." मी वाट बघत राहिलो. त्यापुढे ते एक शब्दही बोलले नाहीत.