ध्रुव आणि नाटकाचा ट्रॅक्टर

दिवाळीनंतर आमच्या एटापल्लीकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. जेवणं उरकली की अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेजारच्या गावी नाटकाला जातं. मागे उरतात कुत्री आणि मी, शाळेचा मास्तर. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या बाई दारात यायच्या. "सर, चाला ना नाटकाले. माह्याजवळ जागा धरून ठेवते."

"आज आकाश स्वच्छ आहे बाई, पुढच्या वेळी." असं चार-पाचदा झालं आणि त्यांनी विचारणं सोडलं. गावभर मी सांगूनही ठेवलं होतं, की उजेड पडला की माझे ताऱ्यांचे फोटो वाया जातात. यंदा मात्र एकटेपणाचा जीव जाईस्तोवर कंटाळा आला होता. कुणी नुसतं 'चाला' म्हणालं तरी जायचं, असं मी ठरवलं होतं.

कुणी आलं नाही. मी चिडून कॅमेरा लावलेली दुर्बीण उचलली आणि रस्त्याकडेच्या खळ्यावर गेलो. दुर्बिणीचा आस नेमका ध्रुवाच्या रोखाने लावला नाही, तर फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात. आमच्याकडे ध्रुव इतका खाली, की मोहाच्या झाडाआड जातो. होकायंत्र लावावं तर इथल्या डोंगरात लोखंड. सुई वाट्टेल तिकडे हिंडते. तिच्या भरवशावर पहिल्या वर्षीचं सगळं आकाश ओरबाडल्यासारखं आलं होतं. तेव्हापासून झाडाआडून ध्रुव दिसतो तो खळ्याचा एकच कोपरा कामाचा. तिथे गुडघे टेकून, मान वाकडी करून, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केला. शेवटी ध्रुव जागेवर बसला आणि अर्ध्या तासाचा फोटो सुरू केला.

तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टर आला. दिवे थेट माझ्यावर. फोटो गेला खड्ड्यात! मी उठलो आणि हात वर केला.

"लाईट बंद कर ना गा! सरचा फोटो खराब होते," ट्रॉलीतून बाईंचा आवाज आला. "अन् पोट्टेहो, गप बसा!"

दिवे विझले. अंधारात ट्रॅक्टर हळूहळू माझ्या अगदी जवळून गेला. भरलेल्या ट्रॉलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. आवाजाने फोटोला काही होत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. 'थांबा, मी येतो' म्हणायला वर केलेला हात मी खाली घेतला. पुढे गेल्यावर दिवे लागले आणि ट्रॉलीत हसण्याचा गलका उठला. मला रडू आलं.

मग फोटो पुन्हा सुरू केला. माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो तो. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवला. त्या इतक्या खूश झाल्या, की म्हणाल्या, "पुढच्या नाटकालेही लाईट बंद करूनच जाऊ आम्ही, सर. तुम्ही काई काळजी करू नका."