फुटाला इंच

नदीचं पाणी घरात शिरलं, त्यानंतर आम्ही मांजर्लीच्या घराची जमीन गुडघाभर उंच करून घेतली. संडासाचा पाइपही नवा टाकला. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आणि त्या पुरानंतर पाण्याला कायमचे धसकलेले. पाणी घरात क्षणभरही थांबता कामा नये, म्हणून हट्टाने पाइपला फुटाला इंच उतार द्यायला लावला. आमच्या ओळीत सगळ्यांनी तेच केलं.

पुढे मुलगी सासरी गेली, मुलगा बंगळूरला. मग हेही गेले. मी एकटी उरले आणि पाइप तुंबायला लागला.

उल्हासनगरहून एक प्लंबर यायचा. माझ्या मुलाच्या वयाचा, तोंडाने फटकळ. बाहेरच्या चेंबरचं झाकण काढून लांब पट्टी आत घालायचा, मग साबणाने हात धुऊन पायरीवर चहाला बसायचा. बायकोची गाऱ्हाणी सांगायचा. मीही माझी सांगायचे. एरवी आठवडा आठवडा मला तोंड उघडायला माणूस नसायचं.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "मावशी, ढलान जास्ती झालीय. पाणी भागून जातं, घाण पाठी राहते. घर भरलेलं होतं तेव्हा मागून पाणी यायचं, ढकलायचं. तुमचं एकटीचं पाणी कितीसं? चार फुटाला इंच बस झाला. नवीन टाकून देऊ?"

"ह्यांनी टाकलेला पाइप आहे, राहू दे," मी म्हटलं. त्याला ते पटलं. खरं कारण पायरीवर बसून चहा पीत होतं.

पण एक दिवस चेंबर भरून घाण शेजारणीच्या तुळशीपर्यंत गेली. तिने माझा उद्धार केला, आणि बरोबरच केला. नाइलाजाने पाइप उकरायला सांगितला.

नवा बसल्यावर प्लंबरने आत एक बादली ओतली. आम्ही दोघं चेंबरवर वाकलो. पाणी सावकाश आलं, सगळं सोबत घेऊन.

"आता मला बोलवायचं टेन्शन नाही, मावशी!" तो खुशीत म्हणाला. चहा त्याने उभ्यानेच घेतला. दुसरीकडे काम होतं.

त्यानंतर पाइप कधी तुंबला नाही. मी मधूनमधून झाकण उचलून बघायचे. पाणी शहाण्यासारखं चाललेलं असायचं. खोटं कशाला बोलू, मेल्याने एकदा तरी तुंबावं, असं वाटायचं.