पाच बटणं

बालवाडीतल्या बाईंचं एक ठाम मत होतं: पोराची बोटं खांद्याच्या जिवावर चालतात. आईबाप येत, म्हणत, बाई, पेन्सिल धड धरत नाही, जरा अक्षरं गिरवून घ्या. अहो, अक्षरं कुठली घेऊन बसलात? पाया कच्चा आणि कळसाची घाई! आधी त्याला दांड्याला लोंबकळू द्या, खेकड्यासारखं चालू द्या, मातीचे गोळे मळू द्या. खांदा भरला की मनगट भरतं, आणि मग चिमूट जमते. बाई हे वीस वर्षं सांगत आल्या होत्या.

तिथली रीत अशी, की वर्षअखेरीला जे मूल आपल्या कोटाची पाचही बटणं स्वतः लावेल तेच मोठ्या शाळेत जायचं. नाही जमलं तर आणखी एक वर्ष इथेच. शब्द बाईंचा, सही मुख्य बाईंची.

यंदा वर्गात एक पिटुकली होती. नाव काही का असेना, सगळे तिला पिटुकलीच म्हणत. बोटं अगदी लोण्याची. घरी जायची वेळ झाली की ती येऊन बाईंच्या मांडीवर बसायची, हनुवटी वर करायची आणि म्हणायची, "लाव." बाई लावायच्या, तेही सावकाश. बाईंच्या घरी दोन खोल्या आणि राहायला त्या एकट्याच. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक दूरगावी, रविवारी दहा मिनिटं फोन करायची, तीही घाईत. दिवसभरात बाईंना कुणी आपण होऊन बिलगायचं ते एवढंच.

वर्ष संपायला सहा आठवडे राहिले तेव्हा मुख्य बाईंनी विचारलं, "पिटुकलीचं काय? यंदा ठेवून घ्यायची का?"

'हो, ठेवून घ्या' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आणखी एक वर्ष ती मांडीवर बसली असती! मग बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पोरीला जमत नव्हतं असं कुठे होतं? आपणच तिला जमू दिलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"सहा आठवडे द्या मला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हनुवटी वर झाली. "लाव."

बाई स्वतःच्या हातांवर बसल्या. "आज तू लाव."

पिटुकली थांबली, मुसमुसली, मग म्हणाली, "तू वाईट आहेस." आणि मांडीवरून उतरली ती उतरलीच. रोज दांड्याला लोंबकळायची, आधी तीन आकडे मोजेपर्यंत, मग आठ. दोरीला कपड्यांचे चिमटे लावायची, मणी ओवायची. सगळं केलं, पण फुगलेल्या गालांनी, आणि बाईंशी एक शब्द न बोलता. बाईंना ते फार लागलं. पण 'तू लाव' हे सांगणं त्यांनी सोडलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर ती बाकावर बसली. खालून सुरुवात केली, तसंच शिकवलं होतं. चौथं बटण पाचव्या काजात गेलं. तिने ते काढून चौथ्यात घातलं. बाईंची बोटं आपोआप हलायला लागली, तेव्हा त्यांनी हाताची घडी घातली. गळ्याजवळचं पाचवं बटण डोळ्यांना दिसत नाही, ते नुसतं चाचपून लावावं लागतं. ओठ चावत चावत तिने ते लावलं.

मुख्य बाईंनी पेन उचललं. "काय लिहू?"

"तयार आहे," बाई म्हणाल्या.

वडील न्यायला आले होते. दारात ते पोरीला म्हणाले, "बाईंना टाटा कर." ती वडिलांच्याच पायामागे लपली.

"असू द्या हो," बाई हसून म्हणाल्या. "आपली आपण कामं जमायला लागली, आता कशाला थांबेल ती."

दोघं गेली. मग बाईंना रडू आलं. आलं तर आलं, बघायला तिथे होतं कोण?