खिडकीबाहेर बर्फ नव्हता

अनाहितबाईंना कुठलीही बातमी सांगितली की त्या आधी विचारत, "तुला कुणी सांगितलं?" आपण म्हणावं, वाचलं कुठेतरी. लगेच पुढचा प्रश्न, "आणि त्याला कुणी सांगितलं?" इथे आपली दांडी गुल व्हायची. मग त्या समाधानाने हसून कॉफीचं पितळी भांडं गॅसवर चढवत.

आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये आमच्या शेजारच्या घरात त्या राहायला आल्या, त्याच आठवड्यात माझी अशी परीक्षा झाली. दोन घरांमधल्या कुंपणापाशी आम्ही उभ्या होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "उद्या वादळ आहे. शाळा बंद राहणार."

"कोण म्हणालं?"

"हवामान खातं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "वाऱ्याच्या बाबतीत मी यांच्यावर विश्वास ठेवते. वाऱ्याच्या धंद्यात कुणाचा मेहुणा नसतो."

हा मेहुणा कोण, ते मला नंतर कळलं.

त्या आर्मेनियाच्या. मुलगी लुसिने ब्युमॉन्टला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, तिने आईला इकडे आणलेलं. साठी ओलांडलेली, पण पाठ ताठ, केस काळे कुळकुळीत रंगवलेले, आणि आवाज असा की दुधाची पिशवी मागितली तरी काहीतरी जाहीर होतंय असं वाटावं. प्रत्येक शब्द पुरा उच्चारायचा, वाक्याचं शेवटचं क्रियापद गिळायचं नाही. मला त्या 'मेधा-जान' म्हणत. त्यांच्याकडे सगळ्याच माणसांना प्रेमाने 'जान' लावतात. अकोल्याहून आलेल्या माझ्या बाबांना त्यांनी पहिल्याच भेटीत 'वसंत-जान' म्हटलं, तेव्हा बाबा कानापर्यंत लाल झाले होते आणि आईच्या फोटोकडे बघत होते.

माझ्या लेकीला, इराला, ताप आला की त्या येऊन तिच्या कपाळावर हात ठेवत आणि स्वतःच्या भाषेत पुटपुटत. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "तुझं दुखणं मी घेते." आमच्या आज्या कानशिलावर बोटं मोडायच्या, तेच ते. अशी माया आणि असा संशय एकाच माणसात कसा राहतो, याचं मला नवल वाटे.

त्यांच्या घरात टीव्ही नव्हता. बाबांच्या फोनवर मात्र सकाळपासून मराठी बातम्या चालू. एकदा अनाहितबाई जर्दाळूचा मुरंबा घेऊन आल्या आणि त्या गदारोळाकडे बघत राहिल्या. सहा चौकटींत सहा माणसं, सगळी ओरडताहेत.

"काय झालंय?" त्यांनी काळजीने विचारलं. मी बाबांना मराठीत सांगितलं.

"काही नाई झालं," बाबा म्हणाले. "असेच बोलतात ते."

मी भाषांतर केलं. अनाहितबाई बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या आणि बराच वेळ निरखून पाहिल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे ओरडायला नको असायचं. मी फार हळू बोलायचे. खोटं हळू बोललं की जास्त लांब जातं."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. आपल्या शहरातल्या वाहिनीवर त्या संध्याकाळच्या बातम्या वाचायच्या. लोक त्यांना रस्त्यात ओळखायचे, लग्नात मानाच्या जागी बसवायचे. वाहिनी एका व्यापाऱ्याची, व्यापारी तिथल्या आमदाराचा मित्र. काय वाचायचं ते कागदावर यायचं आणि त्या वाचायच्या. "मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच माहीत होतं. आमच्या देशात बातमी ऐकून लोक काय विचारायचे माहीत आहे? हे खरं का, असं नाही विचारायचे. विचारायचे, हे आज का सांगताहेत?"

मग एका हिवाळ्यात गावातल्या शाळेचं नवं छप्पर कोसळलं. रविवार होता म्हणून मुलं वाचली. छपराचं कंत्राट आमदाराच्या मेहुण्याकडे होतं. संध्याकाळी अनाहितबाईंच्या हातात कागद आला, 'अतिबर्फवृष्टीमुळे छप्पर कोसळलं'.

"त्या आठवड्यात बर्फ पडलाच नव्हता, मेधा-जान. कोरडी थंडी. आकाश निळं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, माझ्या हातातल्या कागदावर बर्फ लिहिला आहे. आपण सगळ्यांनी आज खिडकीबाहेर पाहिलं आहे. एवढंच. मग पडदा काळा झाला."

नोकरी गेली, त्याचं त्यांना काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पाव आणायला गेल्या. रांगेत त्यांची शेजारीण उभी होती, तिची दोन्ही मुलं त्याच शाळेत. अनाहितबाईंना वाटलं, ही आता गळ्यात पडेल. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुला कुणी विकत घेतलं? दुसऱ्या पक्षाने?"

हे सांगताना त्यांचा तो भरदार आवाज पहिल्यांदा बसला. "तिला राग आला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणी स्वतःहून खरं बोलेल, ही शक्यताच तिच्या डोक्यात उरली नव्हती. तेव्हा मला कळलं, त्यांनी छपरापेक्षा मोठं काय पाडलंय ते."

पुढे तिथे लोक रस्त्यावर उतरले, सरकार बदललं. नव्या लोकांनी अनाहितबाईंना मानाने बोलावून नव्या वाहिनीवर बसवलं. थोड्याच दिवसांत तो आमदारही नव्या पक्षात आला, आणि पुन्हा समोर कागद आला, त्यात त्याचंच नाव गाळलेलं. त्या उठून घरी आल्या. "या वेळी पडदा काळा करायचीही संधी नाही दिली मी," त्या म्हणाल्या. बाबा मान हलवत म्हणाले, "विचार तिले, आपल्या अकोल्यात कधी आली होती काय."

इथे त्या एका वृद्धाश्रमात कामाला लागल्या होत्या. ज्यांना दिसत नाही अशा म्हाताऱ्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, आणि मधेच थांबून, "हे त्या मंत्र्याचं म्हणणं आहे, झालं आहे असं नाही," अशी तळटीपही जोडायच्या. म्हाताऱ्यांना ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत एक व्हिडिओ फिरू लागला. दुकानांच्या ओळीतल्या रिकाम्या गाळ्यात रात्रीतून बाहेरच्या देशांतले निर्वासित पुरुष आणून ठेवणार आहेत, आणि वर्तमानपत्रं ते मुद्दाम दडवताहेत. आमच्या मराठी गटातही तो आला, खाली हात जोडलेल्या चित्रांसकट. बघता बघता समाजमंदिराच्या हॉलमध्ये सभा ठरली. मी आणि अनाहितबाई गेलो. हॉल भरलेला. एक उंच, लाल चेहऱ्याचा माणूस बोलत होता. वर्तमानपत्रं विकली गेली आहेत, टीव्ही विकला गेला आहे, आता आपणच आपलं बघायचं. टाळ्या पडत होत्या. मला वाटलं, अनाहितबाईही टाळ्या वाजवणार. याहून वेगळं त्या काय म्हणायच्या?

त्यांनी हात वर केला. उभ्या राहिल्या. तो आवाज हॉलभर गेला आणि खुर्च्यांची करकर थांबली.

"मी टीव्हीवर बातम्या वाचायचे. खोट्या वाचल्या, चांगल्या आवाजात वाचल्या. त्यामुळे खोटं कसं शिजतं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं, मालकाला आपल्या खोट्यावर लोकांचा विश्वास हवा असतो. नाही. कुणाचाच कुणावर विश्वास उरला नाही की त्याचं काम झालं. मग कुणी खरं सांगितलं तरी तो निवांत झोपतो. वर्तमानपत्रावर विश्वास ठेवू नका, ठीक आहे. मग या फोनवर का ठेवता? तुमच्यातलं कोण त्या गाळ्याचं दार वाजवून आलं?"

कुणीच नाही.

"मी आले. आत दोन सुतार होते. तिथे दातांचा दवाखाना होतोय. खुर्च्या आल्या आहेत, अजून प्लास्टिकमध्ये आहेत. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. जवळच आहे, जाऊन बघा."

तो लाल चेहऱ्याचा माणूस ओरडला, "तुला कोण पैसे देतं, बाई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. पावाच्या रांगेतला तोच प्रश्न, इतक्या दूर येऊन. मला वाटलं, त्या खचतील. पण त्या त्याच्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "वृद्धाश्रम देतो. तुमच्या आईला रोज सकाळी मीच वर्तमानपत्र वाचून दाखवते. त्यांना आधी निधनवार्ता लागतात. त्या तुमची आठवण काढतात."

आयर्लंडमध्ये निधनवार्ता आधी वाचत नाही असा म्हातारा नसेल. हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून इकडच्या पद्धतीने शाबासकी दिली, "फेअर प्ले टू यू, मिसेस." त्या माणसाच्या बायकोने त्याला कोट धरून खाली बसवलं. सभा संपल्यावर दहाबारा जण सरळ गाळ्याकडे गेले आणि काचेला नाक लावून खुर्च्या बघून आले. सगळ्यांना पटलं असं नाही. खुर्च्या म्हणजे निव्वळ देखावा आहे, असं सांगणारा नवा व्हिडिओ दोन दिवसांत आलाच. तो पाहून अनाहितबाई म्हणाल्या, "ठीक आहे. दवाखाना उघडला की मी दात दाखवायला जाईन आणि कवळीसकट फोटो टाकेन."

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना तिकडून एका वकिलाचा फोन आला. छपराचं प्रकरण कसंबसं न्यायालयात पोचलं होतं. कागदावर 'बर्फ' कुणी लिहायला लावला, हे सांगणारे साक्षीदार एकेक करून मागे हटत होते. संपादक आजारी पडला, कॅमेरामन गावाला निघून गेला. त्या येतील का?

लुसिने आईपाठोपाठ आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "आई, तिथे आता कुणाला आठवतही नाही."

"मला आठवतं," अनाहितबाई म्हणाल्या.

बाबा तेव्हा इथेच होते. त्यांनी मला मधे घालून विचारलं, "जाऊन काय फायदा बाई? सुटतेच तो मानूस."

मी भाषांतर करायला कचरले, पण केलं. अनाहितबाईंनी बाबांचा हात हातात घेतला. "सुटू दे, वसंत-जान. पण माझ्यासमोर सुटू दे. मी घरी बसले, तर तो माझ्या मदतीने सुटेल."

 दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर विमानतळावर जायला सगळ्यात आधी बूट घालून बाबाच तयार होते.

साक्ष झाली. लुसिने दर संध्याकाळी येऊन आम्हाला सांगायची. त्या मेहुण्याच्या वकिलाने विचारलं, आपण हवामानतज्ज्ञ आहात का? अनाहितबाई म्हणाल्या, "नाही. पण माझ्या घराला खिडकी आहे." मेहुणा पुराव्याअभावी सुटला. आमदारावर तर खटलाच नव्हता. तिथल्या वाहिन्यांनी सांगितलं की आयर्लंडहून पैसे घेऊन एक बाई आली होती. बाबा अकोल्याला परत गेले होते, त्यांनी फोनवर ऐकून एवढंच विचारलं, "समोर बसून होती ना ती? मंग झालं."

आम्हाला वाटलं, आता त्या परततील. लुसिनेने खोली आवरून ठेवली होती. पण त्यांचा निरोप आला की त्या राहताहेत. निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर तो पळून गेलेला कॅमेरामन उभा होता. मान खाली घालून म्हणाला, साक्ष द्यायची हिंमत झाली नाही, पण कॅमेरा माझ्याकडे अजून आहे. अनाहितबाई त्याला म्हणाल्या, "मग घेऊन ये."

आता दर शनिवारी त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून आठवड्याच्या बातम्या वाचतात. इंटरनेटवर दिसतात. पाहणारे थोडेच आहेत. खाली पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा 'हिला पैसे कोण देतं' हीच असते, आणि त्या तिला नावानिशी, खर्चानिशी उत्तर देतात. घरमालकांवर दबाव येतो, जागा सोडावी लागते. त्यामुळे पाठीमागच्या भिंतीवरच्या फरश्या अधूनमधून बदललेल्या दिसतात. पाठ तशीच ताठ. लिक्सलिपच्या कारखान्यात शनिवारी माझी कामाची पाळी नसली की मी लुसिनेकडे जाते, आणि ती मला ओळीओळीने अर्थ सांगते.

सुरुवात नेहमी चुकांनी होते. गेल्या शनिवारी मी अमुक म्हणाले होते, ते बरोबर नव्हतं. अमक्या बाईंनी फोन करून सांगितलं, मी जाऊन पाहिलं, त्यांचं खरं आहे. मग ताज्या बातम्या. आयुष्यात मी इतके बातमीवाचक पाहिले, पण आपलं चुकलं हे आधी सांगणारं कुणी पाहिलं नव्हतं.

परवाच्या शनिवारी लुसिने सांगता सांगता थांबली आणि संतापाने लाल झाली. "ही त्या आमदाराची माफी मागतेय!" नदीकाठची एक जमीन आमदाराने बळकावली, असं अनाहितबाईंनी आधी सांगितलं होतं. ती जमीन त्याची नव्हतीच, त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची निघाली. लुसिनेने बातम्या तिथेच थांबवून फोनवर आईला फैलावर घेतलं. असल्या माणसाची कसली माफी? सगळं गाव तुला हसेल.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून तो सावकाश, पुरा आवाज आला. "हसू दे. त्याच्याबद्दलचं एक खोटं मी तसंच सोडलं, तर माझी बाकीची सगळी खरी वाक्यंही खोटी म्हणायला त्याला फुकट मिळतील. ती मी त्याला देणार नाही."

 फोन ठेवल्यावर लुसिनेने बातम्या जिथे थांबवल्या होत्या तिथून पुन्हा लावल्या. पडद्यावर अनाहितबाईंची माफी संपली. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, पान उलटलं, पुन्हा त्याच माणसाचं पूर्ण नाव घेतलं, आणि त्याने खरोखर काय केलं आहे ते वाचायला सुरुवात केली.