खिशातलं कार्ड

कोशकारांची कामाची तऱ्हाच वेगळी होती. एक शब्द, एक कार्ड. आणि अर्थ लिहून होईपर्यंत ते कार्ड शर्टाच्या खिशात. "शब्दात राहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही," हा त्यांचा हट्ट. 'बहिरेपण' चालू होतं तेव्हा गृहस्थ चार दिवस कानात कापूस घालून हिंडले आणि ओरडून ओरडून बायकोचा घसा बसला. शर्ट धुवायला टाकताना ती खिसे तपासायची, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला आधीच कळायचं. असल्या माणसाशी बाईने एकतीस वर्षं संसार केला, खरंच कमाल आहे तिची.

यंदा कायद्याच्या कोशाचं काम आलं आणि लॅटिनमधून आलेले शब्द घरात शिरले. पॅट्रिसाइड, म्हणजे बापाचा खून: त्यांनी वडिलांचा फोटो भिंतीवरून उतरवून पंधरा दिवस कपाटात कोंबला. फ्रॅट्रिसाइड, भावाचा: पंधरा दिवस धाकट्या भावाचा फोन उचलला नाही. तो बिचारा इकडे वहिनीला विचारतोय, "माझं काही चुकलं का?"

मग एका सोमवारी सकाळी खिशातून निघालं अक्सोरिसाइड. खाली त्यांच्या सुबक अक्षरात, बायकोचा खून.

काम आहे ते, असं तिने मनाला बजावलं. पण मंगळवारपासून नवरा स्वतःचा चहा वेगळ्या भांड्यात करू लागला. जेवताना ताटापेक्षा तिच्या हातांकडेच जास्त बघायचा. ती मागून आली की दचकायचा. दचकायचं कोणी आणि दचकतोय कोण! पुन्हा त्या खिशाला हात लावायची तिची छाती होईना. ती दुसऱ्या खोलीत, आतून कडी लावून झोपू लागली.

शनिवारी तिचा धीर सुटला. "अहो, सरळ सांगा. मला मारायचं आहे का तुमच्या मनात?"

"तुला?" ते चाटच पडले. "अगं, ते कार्ड सोमवारीच झालं." त्यांनी खिशातून नवं काढलं: मॅरिटिसाइड, नवऱ्याचा खून. "आता यात राहतोय. म्हणून तुझ्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या वेडेपणावर ती पोट धरून हसली, आणि हसता हसता थांबली.

"वडिलांच्या कार्डाला पंधरा दिवस. भाऊजींच्या कार्डाला पंधरा दिवस. आणि बायकोचं एका दिवसात?"

"सोपं गेलं," पेन्सिलीला टोक काढत ते म्हणाले.