मधोमध ओढलेली रेघ

मंगळवारी दुपारी शिवराम कणकवलीला वारला. निरोप आला तेव्हा मी मालवणच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर तारीख लिहिलेली होती. मी खडू ठेवला, हेडमास्तरांना सांगितलं आणि एसटीच्या स्टँडवर गेलो. पोहोचलो तेव्हा त्याच्या वाडीतली माणसं आली होती.

याला आता सहा आठवडे होतील. त्याच्याविषयी लिहायचं म्हणून मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो. त्याचं कौतुक लिहायला वेळ लागत नाही. पण आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून लिहिलं तर हे लिहिणं खोटं होईल.

आम्ही एका शाळेत शिकलो. आमचं घर बाजारपेठेत. त्याचं घर शेवटच्या विहिरीपलीकडच्या वाडीत. ज्यांना शिवायचं नाही असं गावाने ठरवलं होतं, त्यांची ती वाडी. वर्गात तो दाराशी बसायचा, मी पुढे. वाचनालयाची पुस्तकं मी माझ्या नावावर काढायचो आणि माडांच्या बागेत त्याला द्यायचो. तो ती माझ्याआधी वाचून संपवायचा आणि मग शेवट सांगण्याची धमकी द्यायचा. पुढे कायदा झाला आणि वाचनालयाच्या कमिटीने नाइलाजाने म्हणा, सर्वांना दार उघडलं. पहिल्याच शनिवारी तो आत आला, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागितला. ती खुर्ची मग त्याचीच झाली. खिशात एक वही असे. कोणताही प्रश्न आला की तो पानाच्या मधोमध उभी रेघ ओढायचा. पट्टी नसली तर काडेपेटीच्या कडेने. डावीकडे ‘बाजूने’, उजवीकडे ‘विरुद्ध’. लग्न ठरलं तेव्हाही त्याने पान आखलं होतं. मी विचारलं, “उजवीकडे काय लिवलंस?” म्हणाला, “ती माझ्यापेक्षा जास्ती बोलता.” “आणि डावीकडे?” “ताच.”

गावाबाहेर काजूचा एक कारखाना होता. त्याची आई तिथे बिया फोडायला जायची. बीच्या सालीत जे तेल असतं ते कातडी जाळतं. राख लावून फोडलं तरी बोटं काळी पडतात, सोलवटतात. त्या वाडीतल्या सगळ्या बायका फोडायला होत्या. त्यानंतरचं काम म्हणजे गरावरचं पातळ सालपट काढणं आणि लहानमोठे गर निवडणं. ते आतल्या खोलीत चालायचं. तिथे हात जळत नसत. पण तो खाण्याचा माल, म्हणून त्या खोलीत या बायकांना प्रवेश नव्हता. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता... फक्त दार होतं. शिवराम म्हणायचा, “बी फोडल्यार गर पयलो कोणाच्या हातात येता? आयेच्याच मा? मगे विटाळ खंय गेलो?”

त्या कारखान्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. शिवराम मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याने अर्ज केला. सरकारी नोकरी त्याला मिळाली असती, तिथे राखीव जागा होत्या. पण त्याला हीच हवी होती. कचेरीत आपला एक माणूस बसला तर त्या दाराबद्दल कोणीतरी रोज विचारील, आणि आई आतल्या खोलीत जाईल, एवढाच त्याचा हिशोब होता. आमच्याकडे खाजगी नोकरी अर्जाने मिळत नसे. आतल्या कोणीतरी शब्द टाकावा लागे. कामावरची बाई थकली की भाचीला आणी, कारकून सोडून जाताना मेहुण्याला बसवी. कारखान्याच्या शेठांशी आमच्या घरचा जुना घरोबा. मी शिवरामला म्हणालो, “मी शब्द टाकतंय.”

त्याच महिन्यात वाचनालयाची वार्षिक वादसभा होती. आमची एक रीत होती. बाजू आपण निवडायची नाही, चिठ्ठी उचलायची. जी येईल ती जीव लावून मांडायची आणि नंतर कोणी कोणाला त्याबद्दल बोल लावायचा नाही. त्या वर्षीचा विषय होता : सरकारी कचेऱ्यांप्रमाणे खाजगी कंपन्यांनीही मागासलेल्यांसाठी जागा राखून ठेवाव्यात. शिवरामला ‘बाजूने’ आली, मला ‘विरुद्ध’. तो हसत सुटला. “देवान एकदा तरी बरोबर वाटल्यान. तू जोरात बोल हां मास्तर. हय कोण कोणाचो पावणो नाय.” अध्यक्ष होते काजूवाले शेठ.

मी जोरात बोललो. म्हणालो, सरकार सर्वांचं असतं, कारखाना एकाचा. ज्याने घरदार पणाला लावून तो उभा केला, त्याला माणूस निवडण्याचा अधिकार हवा. सक्ती केली आणि छोटा कारखाना मोडला तर पहिली चूल त्याच गरिबांची विझेल. गरिबी काय एकाच वाडीत राहते? होडी फुटलेला खारवी, स्वयंपाक करून पोरं वाढवणारी विधवा, यांनी कुठे जायचं? आणि शेवटी म्हणालो, राखून ठेवलेल्या खुर्चीवर जो बसतो त्याचा मान जातो, कारण तो आपल्या गुणाने बसला असं कोणी कधीच मानत नाही. या वाक्याला टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर बोलता बोलता ते मला पटूही लागलं होतं.

शिवराम सावकाश बोलला. जागा राखायच्या की नाही हा प्रश्नच नाही, तो म्हणाला, त्या आजही राखलेल्याच आहेत, फक्त पाटी लावलेली नाही. भाच्याची जागा असते, मेहुण्याची असते, गाववाल्याची असते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी आत नाही, त्याचे गुण पारखणार कोण? गुण दाराबाहेरून दिसत नाहीत. आणि कारखाना एकाचा असेल, पण त्याचा माल ज्या रस्त्याने आणि ज्या धक्क्यावरून जातो, तो सगळ्यांचा आहे. खारव्याला आणि विधवेलाही द्या जागा, तो म्हणाला, मी त्यांच्या आड येत नाही. पण त्यांना अडवायला दारात कोणी उभं आहे का, ते आधी बघा. टाळ्या कमी पडल्या. बक्षिसाचं पुस्तक मला मिळालं.

दोन दिवसांनी मी शेठांकडे गेलो. त्यांनी कौतुकाने बसवलं, आत हाक मारून चहा मागवला. मी शिवरामचं नाव काढलं. शेठ हसले. “मास्तरानू, तुमीच परवा सांगलात मा, राखून ठेवलेल्या खुर्चयेर बसणाऱ्याचो मान जाता म्हणान? मगे त्या बिचाऱ्याचो मान मी कशाक घालवू?”

शिवरामने राखीव जागा मागितलीच नव्हती. त्याचा अर्ज चारचौघांसारखा होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की शेठ, ती माझी चिठ्ठी होती. हा माणूस त्या कामाला लायक आहे. दोन वाक्यं... तेवढ्यात चहा आला. शेठ माझ्या भाषणातली वाक्यं मला पुन्हा ऐकवू लागले. मी चहा प्यालो आणि उठलो.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर होता, आई बोटांना खोबरेल लावत बसली होती. मी सांगितलं, “शेठांनी आधीच कोणाक तरी शब्द दिलेलो. जागा भरली.” शिवरामने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आई म्हणाली, “मास्तरानू, सभेत तुमी बरा बोललात म्हणान माझो झील सांगत होतो. खुर्चयेर बसल्यार मान जाता मा? मी बारा वर्सां उकिडवी बसान बियो फोडतंय. उकिडव्या बसणाऱ्याचो मान खंय जाता, ता काय तुमी बोलूक नाय.” शिवराम म्हणाला, “आये, त्येची ती चिठी होती गो.” ती म्हणाली, “आसात बाबा,” आणि मला पाणी दिलं.

त्या शनिवारी तो वाचनालयात आला नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी आला, खिडकीपाशी बसला आणि मला म्हणाला, “काय रे, नवीन काय इला?” आमचं पुन्हा सुरू झालं. वर्षभरात त्याला सरकारी कचेरीत राखीव जागेवर नोकरी लागली. मी एकदा कणकवलीला भेटायला गेलो, तर खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, “राखीव हा हां ही. पण ढेकूण हिच्यातय चावतत.” त्याच्या टेबलावर कागद कधी पडून राहिला नाही असं तिथले लोक तो गेला त्या दिवशी मला सांगत होते. सुट्टीच्या शनिवारी तो मालवणला यायचा तो वाचनालयात. आई मात्र शेवटपर्यंत फोडायलाच जात होती. ती गेली तेव्हा तिला उचलणाऱ्यांत मी होतो. तिचे हात मी पाहिले. आतल्या खोलीत ती कधी गेली नाही. तिच्यामागून चार वर्षांनी त्याला मूत्रपिंडाचा आजार जडला, आणि अडतिसाव्या वर्षी तोही गेला.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने मला एक जुनी वही दिली. “भावजीनू, ही तुमका देऊक सांगल्यानी होती.” घरी येऊन मी ती उघडली. वादसभेचं पान होतं. उजवीकडे माझे मुद्दे, मी मांडले होते त्याहून नीट शब्दांत. डावीकडे प्रत्येकासमोर त्याचं उत्तर. मानाच्या मुद्द्यासमोर त्याने आईचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. मी पान उलटलं. पुढच्या पानावर मथळा होता : ‘मास्तरकडे जावं की नाही’. मधोमध रेघ. डावीकडे लिहिलं होतं, ‘सभेत चिठ्ठी होती.’ उजवीकडे, ‘शेठांकडे चिठ्ठी नव्हती.’

म्हणजे त्याला ठाऊक होतं. शेठांनीच सांगितलं असेल, हसत हसत. त्याच आठवड्यात ठाऊक झालं होतं, आणि नंतरची तेरा वर्षं तो माझ्याशेजारी बसून वाचत होता. मी सांगेन म्हणून वाट पाहत होता का, कोणास ठाऊक... वही त्याने मला द्यायला सांगितली, यावरून मला तसं वाटतं. सांगायला माझ्याकडे कितीतरी शनिवार होते.

तेव्हा न बोललेलं आज लिहितो. तो त्या कामाला लायक होता. मी शब्द टाकला नाही, आणि टाकला असं त्याला खोटं सांगितलं.

कारखाना चालू आहे. फोडायला त्याच वाडीतल्या बायका आहेत आणि आतल्या खोलीचं दार तसंच आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर शनिवारी कोणीही बसतं. वही माझ्या टेबलावर आहे. त्या पानावर दोन्हीकडे एकेक ओळ आहे, खालचा भाग कोरा आहे.