शापाचा दगड, बारस आणि पाऊण तास

मी घाबरट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. मला पाल, लिफ्ट आणि गर्दी या तिन्हींची भीती वाटते आणि पाण्याची तर विचारूच नका. तरी मी खाडीतल्या खडकावर उभा असलेला शिलाहारांच्या काळातला दगड बघायला गेले, कारण माझ्या सासूबाईंना तो बघायचा होता.

सासूबाई, म्हणजे आई, एकोणसत्तर वर्षांच्या. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात मध्ययुगीन इतिहासाला नाव घातलं. त्यांच्या प्रकल्पाचा विषय आहे गद्धेगाळ. राजाने जमीन दान दिली की तिथे असा दगड रोवत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि बाई यांचं असं चित्र, की आई मला ते जेवणाच्या टेबलावर समजावून सांगत असताना माझा नवरा पाणी आणायला म्हणून उठून गेला. दान मोडणाऱ्याला ती शिवी आहे, शाप आहे.

या दगडावरची तिथी आणि वार जुळत नाहीत. आईंचं मत पक्कं होतं की कोरणाऱ्याने तिथी एकाने चुकवली. पण अक्षरं स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

जायचं ठरलं होतं शनिवारी. शनिवारी लाँचला झुंबड असते, म्हणून मीच मागे लागून शुक्रवार करून घेतला. हे लक्षात ठेवा.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. तिकीट खिशाला जड नाही, पण वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. फळीवरून आत शिरताना मी खलाशाचा हात सोडला नाही. आई मात्र गुडघा बदललेला असूनही टणकन चढल्या. नवऱ्याने निघताना बजावलं होतं, "आईला पाण्यात उतरू देऊ नकोस." मी अख्खा प्रवास त्यांच्या पदराचं टोक धरून बसले होते. समोर न्हावा शेव्याच्या क्रेन दिसत होत्या आणि शेजारचा माणूस त्यांचे फोटो काढायला सारखा माझ्या अंगावरून वाकत होता.

रेवसच्या धक्क्याजवळ एका घरगुती खानावळीत बोंबील, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळाली. मी भाकरीचा एकच तुकडा सोलकढीत बुडवत राहिले. आईंनी दोन संपवल्या.

पुढे रिक्षा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते कळेलच. रिक्षावाला म्हणाला, "शापाच्या दगडाकडं चालल्याव? आमच्या बाया तिकडं बघत पन न्हाईत."

"शाप जमीन लाटणाऱ्याला आहे," आई म्हणाल्या. "तुमची कुठली जमीन लाटली मी?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

खडक किनाऱ्यापासून फार लांब नाही. ओहोटीला दगडगोट्यांची वाट उघडी पडते. मी मोबाइलवर भरतीची वेळ बघायला लागले तर आईंनी हात धरला. "तिथी कळली की पाणी कळतं. तिथी एकाने पुढे गेली की पाणी पाऊण तास उशिरा." त्यांनी वही दाखवली. साडेतीनला किनाऱ्यावरून निघायचं, सव्वापाचपर्यंत वाट मोकळी.

"आई, हे शनिवारसाठी काढलेलं ना?"

"अगं, एका तिथीने काय होतंय? लेखांच्या अभ्यासात तेवढं इकडेतिकडे चालतं."

मला खरं तर तेव्हाच परत फिरायचं होतं. पण सुनेने किती वेळा भित्रेपणा करायचा, असं वाटून त्यांच्या मागे निघाले.

खडकावर एक बाई कोयतीने कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडत होती. तिचं नाव हौसाबाई. तिने पहिलं कालव दगडाच्या पायाशी ठेवलेलं दिसलं, पण दगडाकडे पाठच होती. आईंनी डब्यातलं तांदळाचं पीठ काढून दगडावर चोळलं. पीठ खाचांत बसलं आणि अक्षरं पांढरी उमटली. आई बोटाने एकेक अक्षर वाचायला लागल्या. "बघ, तिथी अगदी स्पष्ट आहे! चूक कोरणाऱ्याचीच!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता. हौसाबाई टोपली उचलून वरच्या अंगाला गेली. मी घड्याळ बघत होते. साडेचार झाले होते.

मग मी मागे वळले. आलो ती वाट मधोमध नव्हतीच. तिथे पाणी होतं, आणि ते सरकत होतं.

"आई!"

"अजून पाऊण तास आहे," त्या दगडाला नाक लावून म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली आणि वही उघडली.

हौसाबाई ओरडत आली. "ओ बायांनो! पानी वळलं! आज कंची तिथ धरलाव?"

"त्रयोदशी," आई पुटपुटल्या.

"बारस हाय आज, बारस! तेरस उद्या. तिकडनं नको, तिकडं खोल हाय. माझ्या मागनं या."

जुन्या बांधाचे दगड पाण्याखाली होते आणि ते फक्त तिच्या पायांना ठाऊक होते. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. पुढे हौसाबाई, मध्ये आई, मागे मी. आईंची चप्पल गेली, तोल गेला, आणि मी दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली.

"मला भीती वाटतेय गं," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता यांना काही झालं तर मी घरी कोणत्या तोंडाने जाणार? ओरडावंसं वाटत होतं, पण मी म्हणाले, "मी धरलंय. पाय टाका." माझेच दात वाजत होते.

काठावर हौसाबाईने आईंना बसवलं, स्वतःच्या ओढणीने त्यांचे पाय पुसले आणि चांगलं झापलं. "लिवता-वाचता येतंय ना? मग ईचारायला काय होतंय?" आईंनी निमूट ऐकून घेतलं. मला तो क्षण एरवी फार आवडला असता.

तुम्ही जाणार असाल तर गावात विचारा, सोबत गावचं माणूस घ्या, एकट्याने उतरू नका. आणि ठरलेला दिवस बदललात तर सगळं पुन्हा मोजा.

घरी आल्यावर आठवडाभर मला झोपेत पायाखाली पाणी लागायचं. शेवटी आईंना सांगून टाकलं, "शुक्रवार मी करायला लावला. गर्दीला घाबरून."

"दिवस तू बदललास. वही मी नाही बदलली," त्या म्हणाल्या आणि प्रकल्पाचा कच्चा खर्डा माझ्यापुढे सरकवला. त्यात या दगडाबद्दल वाक्य होतं: 'कोरणाऱ्याची चूक एका तिथीची, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी आहे.'

त्यातले शेवटचे शब्द त्यांनी पेनाने खोडले होते. इतक्या जोराने, की कागद फाटला होता.